शुगर बॉर्डरवर आणि हिमोग्लोबिन साडेनऊ

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी ४१ वर्षांची, इंदूरला सुदामा नगरात राहते. संध्याकाळी ४ ते ८ घरीच शिकवण्या घेते. मिस्टर पीथमपूरला कारखान्यात आहेत. एक आठवडा आड सेकंड शिफ्ट असते, तेव्हा घरी यायला साडेअकरा होतात. गेल्या महिन्यात चक्कर आली म्हणून तपासण्या केल्या. उपाशीपोटी साखर १०८, एचबीएवनसी ६.२, हिमोग्लोबिन ९.५. डॉक्टर म्हणाले, ‘शुगर बॉर्डरवर आहे. गोड कमी करा, चाला, लोहाच्या गोळ्या घ्या, तीन महिन्यांनी या.’

आता घरात प्रत्येकाचं वेगळं. सासूबाई म्हणतात, तुझ्या आईला मधुमेह होता, तुलाही होणारच, कशाला जिवाला घोर लावून घेतेस. दीर म्हणतात, आत्ताच गोळी सुरू करून टाका. नणंदेने विजयसाराच्या लाकडाचा पेला पाठवलाय आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर रोज नवा काढा येतो. मी तर जाडही नाही, उंची ५ फूट १ इंच, वजन ६१ किलो. दुसऱ्या बाळंतपणात शुगर वाढली होती, पण मुलगी झाल्यावर आपोआप उतरली. ती आता १२ वर्षांची आहे. पोहे-जलेबी सोडली, पंधरा दिवस झाले भात बंद आहे. पण गुरुवार असतो, संकष्टी असते, चहा सुटत नाही. खरंच काही करून उपयोग होतो का? आणि मुलीचीही तपासणी करून घेऊ का?

एक वाचक, इंदूर

उत्तर

ताई, नमस्कार.

दोन गोष्टी तुम्ही जाता जाता लिहून पुढे गेलात आणि माझी नजर नेमकी तिथेच अडकली. एक हिमोग्लोबिन साडेनऊ. दुसरी, बाळंतपणातली ‘आपोआप उतरलेली’ शुगर. पोहे-जलेबीकडे मी येणारच आहे (इंदुरात राहून न येऊन सांगते कुणाला?), पण आधी या दोन.

एचबीएवनसी ही तपासणी रक्तातली साखर थेट मोजत नाही. तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे ते ती मोजते. पेशी तीनचार महिने जगते, म्हणून त्यावरून गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज बांधतात. शरीरात लोह कमी असलं की नव्या पेशी कमी तयार होतात, जुन्याच फिरत राहतात आणि आकडा खऱ्यापेक्षा वर दिसू शकतो. तेव्हा तुमच्या ६.२ मधलं किती साखरेचं आणि किती लोहाच्या कमतरतेचं, हे या रिपोर्टवरून सांगता येत नाही. पुढची गंमत अशी की लोहाच्या गोळ्या लागू पडल्या की कोऱ्या पेशी भराभर तयार होतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो आणि आकडा खाली येतो. तीन महिन्यांनी तुमचं एचबीएवनसी ५.७ आलं तर घरात पेढे वाटले जातील, आणि साखर कदाचित जिथल्या तिथेच असेल.

उपाशीपोटीचे १०८ घ्या. आपल्याकडे बहुतेक डॉक्टर १०० ते १२५ या टप्प्याला प्रीडायबिटीस, म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर तो ११०पासून सुरू होतो. म्हणजे एका मापाने तुम्ही आत, दुसऱ्या मापाने बाहेर. एचबीएवनसीचा टप्पा ५.७ ते ६.४, पण तोच आकडा तुमच्या बाबतीत भरवशाचा नाही. अशा वेळी निकाल लावते ती जीटीटी, म्हणजे ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट.

ती अशी होते. रात्री जेवल्यावर किमान ८ तास उपाशी राहून सकाळी लॅबमध्ये जायचं. एकदा रक्त घेतात, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला देतात आणि बरोबर दोन तासांनी पुन्हा रक्त घेतात. मधला वेळ तिथेच बसून काढायचा. ‘तेवढ्यात रणजीत हनुमानाचं दर्शन करून येते’ असं करू नका, चालल्याने साखर खर्च होते आणि तपासणी वाया जाते. आधीचे तीन दिवस नेहमीचं पोळी-भाताचं जेवण हवं. तुम्ही भात बंद केलाय, तो त्या तीन दिवसांपुरता सुरू करा, नाहीतर आकडा उगीच वाढीव येऊ शकतो. दोन तासांचा आकडा १४०च्या आत आला तर ठीक. १४० ते १९९ म्हणजे प्रीडायबिटीस. २०० किंवा त्याच्या वर म्हणजे मधुमेह, पण तोही दुसऱ्या तपासणीने पक्का करूनच सांगतात. काउंटरवर कुणी ‘त्यापेक्षा पीपी (खाल्ल्यानंतरची साखर) करून टाका’ म्हणालं तर नको म्हणा. नाश्त्यानंतरच्या पीपीला कुणी प्लेटभर पोहे खाऊन येतं, कुणी दोन बिस्किटं खाऊन. त्यावरून निदान करायचं नसतं. बोट टोचून घरच्या मशीनवर पाहिलेल्या आकड्यावरूनही नाही.

लोह का कमी झालं, हा प्रश्न मात्र तुमच्या रिपोर्टवर कुणी विचारलेला दिसत नाही. चाळिशीत पाळीला जास्त रक्त जात असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. नुसत्या गोळ्या गिळत राहिलात तर वरून भरायचं आणि खालून गळायचं. आणि गोळी चहाबरोबर घेत असाल तर आजपासून ते बंद. चहा लोह शोषू देत नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, साखर न घालता, आणि आगेमागे तासभर चहा नको.

आता बाळंतपणातली शुगर. ती उतरली कारण वार पडली आणि वारेतून येणारी, इन्सुलिनला विरोध करणारी संप्रेरकं थांबली. गरोदरपण ही शरीराची एक परीक्षा असते आणि तुमचं स्वादुपिंड त्या परीक्षेत तेव्हाच धापा टाकत होतं. ज्या बायकांना गरोदरपणात मधुमेह होतो, त्यांना पुढे टाईप टू, म्हणजे मोठेपणी होणारा नेहमीचा मधुमेह, होण्याचा धोका इतर बायकांच्या सुमारे सातपट असल्याचं २००९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. अशा बाईने आयुष्यभर, दर एक ते तीन वर्षांनी साखर तपासायची असते. बाळ झालं, बारसं झालं, फाईल माळ्यावर गेली, हे घरोघरी होतं. ती फाईल शोधा. पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर पहिलं वाक्य तेच सांगा, कारण मला वाटतं ते त्यांच्या कानावर गेलेलं नाही. गेलं असतं तर ‘गोड कमी करा, चाला’ एवढ्यावर भागलं नसतं.

आणि ‘मी तर जाडही नाही’. ताई, तुमच्या उंचीला ६१ किलो म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) साधारण साडेपंचवीस. भारतीयांसाठी २३च्या वर जास्त वजन आणि २५च्या वर लठ्ठपणा धरतात. पण वजनकाटा सोडा, शिंप्याची टेप घ्या. बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, पोट आत न ओढता मापा. आपल्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही मर्यादा. पुरुषांसाठी ९०. मिस्टरांचंही मापून टाका लगे हाथ.

हातपाय बारीक आणि पोटात चरबी, ही आपली ठेवण. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळच.

तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. उपयोग होतो का? होतो, आणि हे अनुभवाचे बोल म्हणून सांगत नाही, मोजलेलं आहे. अमेरिकेत प्रीडायबिटीस असलेल्या ३,२३४ लोकांवर झालेला अभ्यास २००२मध्ये प्रसिद्ध झाला. वजन ७ टक्क्यांनी कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायचा, एवढीच दोन उद्दिष्टं एका गटाला दिली होती. सरासरी पावणेतीन वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. पुढे त्याच लोकांच्या पाठपुराव्यात असंही दिसलं की ज्यांची साखर मध्ये एकदा जरी पूर्ण नॉर्मलला आली, त्यांना पुढचा धोका ५६ टक्क्यांनी कमी होता.

अमेरिकेचं आपल्याला काय, असं सासूबाई म्हणतील, तर चेन्नईचं सांगा. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६मध्ये आला. काहीही विशेष न केलेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आपल्या लोकांत ही घसरण किती वेगाने होते ते या आकड्यात दिसतं, म्हणून ‘बॉर्डरच आहे ना’ हा दिलासा मला अजिबात आवडत नाही. आहार-व्यायामाच्या गटात मात्र हेच प्रमाण ३९ टक्के राहिलं. वर त्या गटाचं वजन फारसं उतरलंही नव्हतं! काटा हलला नाही म्हणून चालणं सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

म्हणजे सासूबाई निम्म्या बरोबर आहेत. आईला असणं, बाळंतपणात असणं, याने पत्ते वाईट आलेत हे खरं. पण खेळ अजून चालू आहे. आणि चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६मध्ये सुरू झालेल्या अभ्यासाचा तीस वर्षांनी हिशेब केला, तेव्हा ज्यांनी पहिली सहा वर्षं आहार-व्यायाम पाळला होता त्यांना मधुमेह सरासरी जवळजवळ चार वर्षं उशिरा झाला, आणि हृदयविकार, पक्षाघाताचे प्रसंगही कमी आले. समजा ‘होणारच’ हे खरं धरलं, तरी पंचेचाळिशीत होणं आणि साठीत होणं यात डोळे, किडनी आणि पाय यांचा फरक असतो. तुमच्या आईला कितव्या वर्षी झाला होता, हेही विचारून ठेवा.

दीर म्हणतात ती गोळी. त्यांना मी वेड्यात काढणार नाही. त्याच अमेरिकी अभ्यासात, ज्या बायकांना पूर्वी गरोदरपणात मधुमेह झाला होता त्यांच्यात मेटफॉर्मिननेही धोका जवळपास निम्म्यावर आला, म्हणजे आहार-व्यायामाच्या जवळजवळ बरोबरीने. तुम्ही त्याच गटातल्या. चेन्नईच्या अभ्यासात दिवसातून दोनदा अवघी २५० मिलिग्रॅमची गोळी दिली होती, तीही उपयोगी पडली. मात्र गोळी आणि आहार-व्यायाम दोन्ही एकदम दिलेल्यांना एकट्या-एकट्यापेक्षा जास्त फायदा त्यात दिसला नाही. गोळी जुनी आहे, स्वस्त आहे. सुरुवातीला पोट बिघडवते, आणि वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ कमी करते. शाकाहारी घरात ते आधीच काठावर असतं, म्हणून सुरू करण्याआधी बी-१२ आणि किडनीची तपासणी हवी. मी तुमच्या जागी असते तर आधी जीटीटी केली असती. १४० ते १९९ आली तर सहा महिने नेटाने आहार-व्यायाम, आणि तरीही आकडे चढते राहिले तर गोळी, मनात काही न ठेवता. दिरांच्या सांगण्यावरून मेडिकलमधून आणून मात्र नका घेऊ.

आता खाणं.

जलेबी सोडलीत, शाबास. पण पत्रात ‘चहा सुटत नाही’ हे वाक्य आहे आणि कप किती ते नाही, यावरून काय ते समजले! शिकवण्या घेणाऱ्या घरात चार कप धरते. कपाला दोन चमचे, म्हणजे आठ चमचे, तीस-पस्तीस ग्रॅम साखर दिवसाला, रोज, न चुकता. दिवसभरातली वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. रविवारची एक जलेबी याच्यापुढे बापडी आहे. चहा सोडू नका. दर आठवड्याला अर्धा-अर्धा चमचा उतरवा, महिन्याभरात जिभेला कळतही नाही. गुळाचा चहा हा तोडगा नव्हे. गूळ, मध, खडीसाखर, रक्ताला सगळं सारखंच.

पोह्यांवर माझा राग नाही. प्लेटमध्ये पोहे किती आणि बाकी काय, एवढंच बघायचं. घरी करताना पोहे मूठभर कमी घ्या, मटार, शेंगदाणे, कांदा सढळ घाला, वर जीरावन मसाला भुरभुरा, सोबत वाटीभर दही नाहीतर मोडाची उसळ. आपल्याकडे उसळ-पोहे मिळतातच, फक्त उसळ खाली आणि पोहे वर, हे प्रमाण उलटं करायचं. शेव चिमटीने. बाहेरच्या शिकंजीबद्दल तेवढं सावध राहा. बाहेरगावच्या पाहुण्यांना ते लिंबाचं सरबत वाटतं, पण आपली इंदुरी शिकंजी म्हणजे आटवलेल्या दुधाची मिठाईच, ग्लासात घालून दिलेली.

भात पूर्ण बंद करून काही मोठं साधत नाही, कारण त्याच्या जागी दोन पोळ्या वाढतात. ताटातला क्रम बदलून बघा. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग डाळ-उसळ, पोळी-भात शेवटी आणि थोडा. तेच जेवण, पण साखरेची उसळी कमी येते. माळव्यात पूर्वी ज्वारी आणि मक्याची भाकरी घरोघर होती, ती आठवड्यातून तीन-चारदा परत येऊ द्या. आणि प्रथिनं वाढवा. आपल्या मराठी शाकाहारी ताटात तीच कमी पडतात. पातळ वरणाची एक वाटी म्हणजे प्रथिनं झाली, असं होत नाही. सोयाबीनच्या मुलखात राहतो आपण, देशाची सोयाबीन संशोधन संस्था इंदुरातच आहे, आणि सोयावडीची भाजी घरात महिन्यातून एकदा होते!

उपवास. गुरुवारी आणि संकष्टीला साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा, त्यावर गोड दही. उपवास सोडा असं मी म्हणणार नाही, तो तुमचा आणि देवाचा प्रश्न. राजगिऱ्याचं थालीपीठ, दाण्याचं कूट घातलेली खमंग काकडी, ताक, पनीर, मूठभर शेंगदाणे, यावर दिवस निघतो. साबुदाणा वर्षातून आषाढी आणि महाशिवरात्रीला खा, मजेत. संकष्टीला चंद्रोदय रात्री उशिरा होतो आणि मग मोदकांसकट भरपेट जेवण. तिथे मोदक एक, आणि बाकी हलकं.

यावरून त्या साडेअकराकडे येते. पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण सेकंड शिफ्टच्या आठवड्यात तुम्ही जेवायच्या थांबत असाल. चार ते आठ शिकवण्या, त्यात बिस्किटं आणि चहा, मग सासूबाईंचं आणि मुलांचं वाढणं, उरलेला भात फुकट जायला नको म्हणून उभ्याउभ्याच दोन घास, आणि पावणेबाराला मिस्टरांबरोबर पोळ्या. झोपायला एक, आणि सकाळी नळ आला की पुन्हा उठायचं. हे जर असं असेल तर जलेबी सोडून काय होणार! तेच ताट रात्री उशिरा खाल्लं तर संध्याकाळच्यापेक्षा साखर जास्त चढते, कारण रात्री इन्सुलिनचं काम मंदावतं. झोप पाच तासांची झाली की दुसऱ्या दिवशी आणखी मंदावतं.

साडेआठला, मुलांबरोबर जेवा. पूर्ण, बसून, ताट वाढून घेऊन. मिस्टर आले की त्यांच्याजवळ बसा, गप्पा मारा, हवं तर ताक घ्या. माझ्या ओपीडीत कितीतरी बायकांना हे एवढं सांगितल्यावर डोळ्यांत पाणी आलेलं पाहिलंय, जणू काही मी घटस्फोट घ्यायला सांगतेय. नवऱ्यांना विचारलं की ते म्हणतात, ‘मी कधी थांब म्हटलं?’ विचारून तर बघा. आणि सासूबाईंना हे नियम म्हणून सांगू नका, डॉक्टरांनी वेळेवर जेवायला सांगितलंय म्हणा. आमच्या नावावर बऱ्याच गोष्टी खपतात, त्यासाठीच आम्ही असतो. उरलेला भात सकाळी फोडणीला टाका, किंवा मुळातच वाटीभर कमी शिजवा. त्याची जागा तुमचं पोट नाही.

जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला, गल्लीतल्या गल्लीत, मुलीला घेऊन. चालणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर उचलतात, म्हणून जेवणानंतरचं चालणं तुमच्यासाठी सगळ्यात कामाचं. याशिवाय आठवड्याचे पाच दिवस, अर्धा तास, दसरा मैदानात किंवा जमेल तिथे, झपझप. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, असा वेग. ‘दिवसभर उभीच असते की’ हे चालणार नाही, ओट्यापाशी उभं राहणं म्हणजे व्यायाम नाही. हिमोग्लोबिन साडेनऊ असताना धाप लागली, छातीत धडधडलं तर थांबा. पहिला महिना वेग कमी ठेवा, लोह भरलं की वाढवा.

आणि स्नायू वाढवा. खुर्चीवर बसून, हात न टेकता उठा, पुन्हा बसा, असं दहा वेळा. भिंतीला हात टेकून दंड काढा. पाण्याच्या लिटरभराच्या बाटल्या हातात घेऊन वर-खाली करा. आठवड्यातून दोन-तीनदा, दोन शिकवण्यांच्या मध्ये होऊन जातं. मुलं हसतील, हसू देत.

वजनाचं लक्ष्य सव्वाचार किलो. ६१चे साधारण ५७, सहा महिन्यांत. यापेक्षा कमी वेळात उतरवून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. त्या अमेरिकी अभ्यासात वजनातला प्रत्येक किलो उतरला की धोका सुमारे १६ टक्क्यांनी कमी झालेला दिसला, त्यामुळे चार नाही जमले, दोनच उतरले, तरी ते वाया गेलेले नसतात.

विजयसाराचा पेला शोकेसमध्ये छान दिसेल. मेथीदाणे भिजवून खायचे तर खा, थोडा फायदा असेल, तोटा नाही. मात्र लेबल नसलेली, ‘शुगर मुळासकट घालवणारी’ पुडी कुणाकडूनही घेऊ नका. अशा पुड्यांत साखर उतरवणारी अ‍ॅलोपॅथीची औषधं गुपचूप मिसळलेली सापडली आहेत, आणि तुमच्यासारखीची साखर त्याने एकदम खाली जाऊ शकते. तेव्हाची चक्कर वेगळी असते.

तपासण्यांचा क्रम असा ठेवा. जीटीटी आत्ता, लोहाचं काय होतं याची वाट न बघता. त्याच दिवशी बीपी आणि कोलेस्टेरॉल, कारण या टप्प्यावर हृदयाचा धोकाही वाढायला लागलेला असतो. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन. एचबीएवनसी मात्र हिमोग्लोबिन १२च्या पुढे जाऊन दोन-तीन महिने टिकल्यावरच करा, त्याआधीचा आकडा ना हसायचा ना रडायचा. मग दरवर्षी एकदा, वाढदिवसाच्या महिन्यात.

राहिली मुलगी. आईला गरोदरपणात मधुमेह असेल तर मुलांनाही पुढे वजन वाढण्याचा आणि मधुमेहाचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून तुमची काळजी अनाठायी नाही. पण १२ वर्षांच्या धडधाकट पोरीला सुई टोचायची आत्ता गरज नाही. तिचं वजन उंचीच्या मानाने जास्त असेल, किंवा मानेभोवती, काखेत कातडी काळपट, मखमलीसारखी जाड दिसत असेल (घासून न निघणारी, पुष्कळ आया तो मळ समजून चोळत बसतात) तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ते ठरवतील. पाळी सुरू झाली असेल तर तिचंही हिमोग्लोबिन बघून घ्या, ते साखरेपेक्षा आधी. आणि तिच्यासमोर ‘आपल्या घराण्यातच आहे’ हे वाक्य सासूबाईंना म्हणू देऊ नका.